मुलीला अंबडमध्ये नोकरी मिळतेय, घरात म्हणतात "आपल्यात बायका कामाला जात नाहीत". काय करू?

सुईदोरा_नाशिक

अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. मी जुन्या नाशकात राहते, चौक मंडईच्या बाजूला. वय 46. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लेकीने मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलं. चूकभूल माफ करा.

माझ्या मोठ्या मुलीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. गेल्या महिन्यात अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिची निवड झाली. गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे, त्याला हार्नेस म्हणतात. हिला क्वालिटीत घेतायत. वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवतात, ते नीट दाबलं गेलं का हे मायक्रोमीटरने मोजायचं आणि काही तुकडे ओढून तपासायचे. मुलाखतीत तिच्यापुढे दहा तुकडे ठेवले होते, त्यातले दोन खराब तिने बरोबर बाजूला काढले. घरी आल्या आल्या माझ्या शिलाई मशीनच्या वायरीवर ती मला हे सगळं समजावत बसली. इतकी खूश मी तिला निकालाच्या दिवशीही पाहिली नव्हती. हातात 14,200 पडतील.

रविवारी थोरले दीर आले. ह्यांना म्हणाले, "आपल्यात बायका कामाला जात नाहीत. उद्या रिश्ते यायचे बंद होतील, मग माझ्याकडे येऊ नका." हे गप्प बसले. हे वाईट नाहीत हो. भद्रकालीत ह्यांचं घड्याळ दुरुस्तीचं टेबल आहे, मोबाईल आल्यापासून त्यात फार काही राहिलेलं नाही. पण सासरे लवकर गेले, थोरल्या भावाने ह्यांना वाढवलं, त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडत नाहीत.

मला मात्र ते वाक्य घशात अडकल्यासारखं झालंय. मी 19 वर्षं साड्यांना फॉल लावते. पुरुषांना त्यातलं काही माहीत नसतं म्हणून सांगते. आदल्या रात्री फॉल पाण्यात भिजवायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. सकाळी वाळवून इस्त्री करायची. मग साडी उलटी मांडीवर घ्यायची, निऱ्या कुठून सुरू होतात ते धरून मोजायचं. खालची कड मशीनवर मारली तरी वरची हातानेच घालावी लागते, कारण टाका सुलट बाजूला दिसता कामा नये. सुईवर कापडाचा एखादाच धागा उचलायचा, जास्त उचलला की खोड दिसते. लग्नसराईत रात्री दोन वाजेपर्यंत बसलेय मी. दुकानदार गिऱ्हाइकाकडून 100 रुपये घेतो, त्यातले 35 माझे. त्यातून डिप्लोमाची फी गेली, धाकट्याची ट्यूशन चालू आहे, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दीर घरी आले की साड्यांचा ढीग बाजूला सरकवून बसायचे. हे जायज आहे का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

अजून एक सांगते. 2011 च्या जनगणनेला एक मॅडम घरी आल्या होत्या. ह्यांनी सगळ्यांची नावं, वयं सांगितली. बायको काय करते विचारल्यावर म्हणाले, "काही नाही, घरीच असते." मी तिथेच बसले होते. दोरा तोडायला दातात धरलेला होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहून घेतलं. मी काही बोलले नाही, ते मला अजून लागतं.

तर मला जाणत्या माणसांना विचारायचंय. बाईने बाहेर कामाला जाण्याची धर्मात खरंच मनाई आहे का? बाकीच्या मुसलमान मुलखांत बायका काय करतात? आणि कारखान्यात काम केलेल्या ताईंनी सांगावं, स्कार्फ चालतो का, रात्रपाळी करावी लागते का, मुलीची जात तिथे सुखरूप राहते का? 1 तारखेच्या आत हो किंवा नाही कळवायचंय.

निवृत्त_मुअल्लिमा

वालेकुम अस्सलाम. बेटी, मी उर्दू शाळेत 31 वर्षं शिकवलं, त्या हक्काने लिहिते.

मनाई नाही. कुरआनातल्या सूरह अन-निसाची 32वी आयत उघडून घरात मोठ्याने वाचा. पुरुषांनी कमावलं त्यात त्यांचा हिस्सा, बायकांनी कमावलं त्यात त्यांचा हिस्सा, असं तिथे साफ आहे. बाईची कमाईच नसती तर तिच्या हिश्शाची गोष्ट आली कुठून? हजरत खदीजा मक्केत व्यापार करत, त्यांचा माल तांड्यांबरोबर शाम मुलखापर्यंत, म्हणजे आजच्या सीरियाकडे जायचा, हे लहान मुलांनाही माहीत असतं. पण तुझं पत्र वाचून मला हजरत ज़ैनब बिन्त जहश आठवल्या. पैगंबरांच्या बीवी. चामडं कमावायच्या, शिवायच्या आणि आलेले पैसे गरिबांना वाटायच्या. पैगंबर म्हणाले होते की माझ्यामागे सगळ्यात आधी मला तीच येऊन भेटेल, जिचा हात सगळ्यात लांब. बाकीच्या बीव्या आपापले हात मोजत बसल्या. ज़ैनब आधी गेल्या तेव्हा कळलं की लांब हात म्हणजे देणारा हात, आणि तो देणारा हात कामाचा होता. सहीह मुस्लिम या संग्रहात आहे ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्याची नोंद.

तुझी स्वतःची गोष्टही तू एकटीची समजू नकोस. 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, त्यात हे मोजलेलं आहे. काम करणाऱ्या मुसलमान बायकांपैकी 70 टक्के घरात बसून काम करतात, सगळ्या समाजांचं मिळून हेच प्रमाण 51 टक्के आहे. विणकाम, जरी, शिलाई, विडी, अगरबत्ती. म्हणजे आपल्यात बायका कामाला जात नाहीत हे अर्धं खरं. जात नाहीत, पण काम करतात.

एक मात्र ऐक. दिरांसमोर आयत घेऊन जाऊ नकोस. तू एक सांगशील, ते चार सांगतील, आणि मुलीची नोकरी बाजूला राहून वादच मोठा होईल. आधी नवऱ्याला तयार कर. मी 1984 मध्ये रुजू झाले तेव्हा माझ्या अब्बांनी कुणाशी हुज्जत घातली नाही. रोज मला शाळेच्या दारापर्यंत सोडायचे आणि चारचौघांना सलाम करत परत जायचे. सहा महिन्यांनी मोहल्ल्यातल्या बायका आपल्या पोरींचे दाखले घेऊन माझ्याकडे यायला लागल्या.

साधा_माणूस

ताई, राग मानू नका, मी तुमच्या दिरांच्या बाजूने लिहितो. बीवी-बच्च्यांचा खर्च, नफ़का, ही मर्दाची जबाबदारी आहे. ती त्याने पार पाडली तर पोरीने धक्के का खावेत? माझी बहीण एका दुकानात कामाला होती. मालक मागून येऊन उभा राहायचा, हिशेबाच्या नावाखाली उशिरापर्यंत थांबवायचा. तक्रार कुणाकडे करणार, मालक तोच. चार महिन्यांत आम्ही तिला घरी आणलं. तिच्याबद्दल लोक अजून बोलतात, मालकाबद्दल कुणी बोलत नाही. माझा विरोध कामाला नाही, पण मुलीची हिफाजत आधी.

लाईन_सुपरवायझर_अंबड

सुईदोराताई, मी हार्नेसच्याच लाईनवर 12 वर्षं आहे. तुमच्या मुलीची कंपनी माझी नसेलही, पण काम तेच. एकेक सांगते.

स्कार्फ चालतो. आमच्याकडे सात-आठ मुली बांधतात. बुरखा लॉकर रूममध्ये काढून ठेवायचा आणि वरून अॅप्रन घालायचा. कारण साधं आहे, लोंबतं कापड प्रेसजवळ नको. ओढणी कुणाचीच चालत नाही, माझीपण नाही. स्कार्फ लहान घ्यायचा, टोकं अॅप्रनच्या आत खोचायची आणि टाचणीऐवजी शिवलेलाच घ्यायचा. टाचणी पडून मालात गेली तर अख्खी पेटी परत येते. तुम्ही शिवणाऱ्या आहात, पाच शिवून द्या तिला.

रात्रपाळी बाईवर लादता येत नाही. संध्याकाळी 7 ते सकाळी 6 मध्ये काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि ने-आण कंपनीने करायची असते. पहिली पाळी 7 ला सुरू होते, त्यामुळे पहाटे निघावं लागेल. बस कुठे थांबते ते रुजू होण्याआधी विचारा.

आता महत्त्वाचं. ती कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या, हे निवडपत्रात बघा. ठेकेदाराची असेल तर पहिल्या पगारानंतर पीएफचा यूएएन, म्हणजे तिचा कायमचा पीएफ नंबर मागायचा आणि उमंग अॅपवर पासबुक बघायचं, पैसे खरंच भरलेत का. ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्डही मागायचं. लाजायचं नाही. आमच्याकडे एका ठेकेदाराने पगारातून सात महिने पीएफ कापला आणि भरलाच नव्हता, ते एका मुलीने असंच पासबुक उघडलं म्हणून कळलं.

साधा माणूस दादा, तुमच्या बहिणीबरोबर झालं ते वाईटच झालं. पण शिक्षा तिला झाली, घरी ती बसली. 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते आणि तिची अध्यक्ष बाईच असावी लागते. दुकान त्याहून छोटं असलं तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार मालकाकडे करावी लागत नाही. ताई, गेटच्या आत त्या समितीच्या नावांचा बोर्ड आहे का ते बघून या. नसेल तर मी म्हणेन पुन्हा विचार करा.

आणि तुमचं जनगणनेचं वाचून माझी आई आठवली. आम्ही मूळ सिन्नरचे. आई घरी विड्या वळायची, मांडीवर सूप, तोंडाने माझे पाढे घेत. पण तिच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र होतं, त्यावर फोटो होता, त्यामुळे मला शिष्यवृत्ती मिळाली. घरी बसूनच वळायची, तरी सरकार दरबारी ती कामगार होती. फॉलवालीला ते कार्ड नाही, एवढाच फरक.

मालेगावकर_आपा

आमच्याकडे तर घराघरात मागाच्या सुताच्या कांड्या भरतात बायका. माग मर्दांचा, कांडी बाईची. लाईट गेली की दोघं बसून राहतात, पण बेकार झाला असं फक्त त्याला म्हणतात. मी स्वतः डी.एड. केलं, कारण शिक्षिका व्हायला घरून लगेच हो मिळते. अर्धा दिवस, बायकांत काम, इज्जत. माझ्यासारख्या गल्लीत चौघी आहेत, चौघीही घरी, कारण जागाच निघत नाहीत. मंजूर असलेलं काम एकच ठेवलं की असं होतं. तुमच्या लेकीने दुसरी वाट काढली, तिला अडवू नका.

जेद्दा_ते_देवळाली

मी 2004 ते 2019 जेद्दामध्ये हिशेबनीस होतो. बाकीच्या मुलखांबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, लांबेल जरा.

मी गेलो तेव्हा तिथल्या बाजारात बायकांचे आतले कपडेसुद्धा पुरुष विकायचे. इजिप्तचे, लेबनॉनचे, आपल्याकडचे. बुरख्यातली बाई परक्या पुरुषाला साईज सांगायची. तिथल्या बायकांनीच त्याविरुद्ध मोहीम चालवली, 2011 मध्ये फर्मान निघालं आणि 2012 च्या जानेवारीपासून त्या दुकानांत विक्रीला बायकाच हव्यात अशी सक्ती झाली. आमच्या इमारतीखालच्या दुकानात पहिल्या दिवशी दोन सौदी मुली काउंटरला उभ्या राहिल्या, त्यांचे भाऊ बाहेर गाडीत दिवसभर बसून होते. महिन्याभराने गाडी दिसेनाशी झाली. 2018 च्या 24 जूनला बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. 2019 मध्ये 21 वर्षांवरच्या बाईला घरच्या पुरुषाच्या सहीशिवाय पासपोर्ट मिळू लागला. सरकारने 2030 पर्यंत 30 टक्के बायका कामात आणायचं ठरवलं होतं, तो आकडा कितीतरी वर्षं आधीच ओलांडला. धर्म तोच, मशिदी त्याच, मौलवीही बरेचसे तेच. बदललं काय? 2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले, सरकारी नोकऱ्या आटल्या, एका पगारात घर चालेना. तेलाचा पैसा पुरुषाच्या पगारातून घरात येत होता तोवर बाईच्या कामाची कुणाला गरज भासली नव्हती.

म्हणून मुस्लिम देश असं एका दमात म्हणता येत नाही. इंडोनेशियात निम्म्याहून जास्त बायका कमावत्या आहेत. कझाकस्तानात त्याहूनही जास्त, सोव्हिएत काळापासूनची सवय. इराणमध्ये कॉलेजात मुली मुलांच्या बरोबरीने, पण कामावर शंभरात पंधराच्या आसपास. अफगाणिस्तानात 2021 मध्ये तालिबान परत आले आणि 2023 च्या जुलैमध्ये बायकांची ब्युटी पार्लरंसुद्धा बंद करायला लावली, जिथे पुरुषाचं पाऊलही पडत नव्हतं. तिथे हिफाजतीची सबबसुद्धा लागू होत नाही.

आता एक गोष्ट, जी मी सहसा बोलत नाही. आमच्या मेसमध्ये बांगलादेशचा एक मुलगा होता, गाझीपूरचा. त्याची बहीण ढाक्याजवळ गारमेंटमध्ये. तिच्याच पैशावर त्याचा व्हिसा झाला होता, अभिमानाने सांगायचा. तिकडे चाळीसेक लाख कामगार त्या धंद्यात आहेत, निम्म्याहून जास्त बायका, गावाकडून आलेल्या. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, वरच्या शिलाईवाल्यांना मात्र पगार कापू म्हणून कामावर बोलावलं. 1,134 माणसं गेली. त्या दिवशी तो मुलगा जेवणाच्या ताटावर बसून सारखा फोन लावत होता, लागत नव्हता. रात्री साडेअकराला लागला. बहीण दुसऱ्या इमारतीत होती. आम्ही सगळे पुरुष त्या खोलीत रडलो. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा कामावर गेली. त्याने नको म्हटलं तर म्हणाली, तू परत ये, मग मी जात नाही.

म्हणून भावांना सांगणं आहे, पोरीला घरी ठेवणं म्हणजे हिफाजत नव्हे. कारखान्याला बाहेर पडायचे किती दरवाजे आहेत, कामाच्या वेळी त्यांना कुलूप असतं का, हे जाऊन बघा. ताई, मिस्टरांना गेटवर घेऊन जा. मी येतो बरोबर, देवळालीहून लांब नाही.

सुईदोरा_नाशिक

सगळ्यांचे उत्तर लेकीने मोठ्याने वाचून दाखवले, मी हातात साडी घेऊन ऐकत होते. मुअल्लिमा आपा, लांब हाताची हदीस मला माहीत होती, पण तो कामाचा हात होता हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री एक टाका नीट दिसला नाही.

ह्यांना मी फक्त एवढंच म्हटलं, चला बघून तरी येऊ. मंगळवारी तिघं गेलो. जेद्दावाले भाई, तुम्ही येतो म्हणालात त्याबद्दल शुक्रिया, गरज पडली नाही. एचआरच्या मॅडमनी आत नेलं. समितीचा बोर्ड कॅन्टीनच्या दाराशी आहे, अध्यक्ष बाई आहेत. हे एरवी घड्याळाशिवाय कशावर बोलत नाहीत, पण तिथे दरवाजे मोजत फिरले. तीन. एकाला कुलूप होतं, त्याबद्दल ह्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या ते स्टोअरचं आहे. ह्यांनी आतून बघूनच मग मान हलवली. बस इथल्या द्वारका चौकात 6:10 ला येते. मुलगी ठेकेदाराकडून नाही, कंपनीची ट्रेनी आहे. ताई, पत्र दोनदा वाचलं.

घरी आल्यावर ह्यांनी टेबलाच्या खणातून डोळ्याला लावायची काच काढली, घड्याळाचं मशीन बघतात ती. लेकीने मुलाखतीतला एक तुकडा खिशात आणला होता, तो काचेखाली धरला आणि म्हणाले, कुठे बघायचं? ती दाखवत गेली, ही तार बाहेर राहता कामा नये, इथे दाब जास्त झाला की तार तुटते. ह्यांनी बराच वेळ पाहिलं. मग काच पुसून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, ही तू घेऊन जा, माझ्याकडे दुसरी आहे. दुसरी नाहीये. मला माहीत आहे.

हो कळवलं. दीर अजून बोलत नाहीत, ईदला बोलतील न बोलतील. स्कार्फ मी चार शिवले, पाचव्याला कापड कमी पडलं. जनगणना पुन्हा होणार म्हणतात. ह्या खेपेला मॅडम आल्या की साडी मांडीवरच ठेवणार आहे आणि उत्तर मीच देणार आहे. मालेगावच्या आपा, तुम्हीही द्या.